शीळफाट्याचा दिवा कोण लावणार

मंगळवारी साहेबांनी योगिनीला केबिनमध्ये बोलावून एक अवघड काम दिलं. शीळफाट्याची नवी शाखा कल्पिताने एकटीने उभी केलेली. जागा, फर्निचर, माणसं, सगळं. ऑफिसचा रिवाज असा, की ज्याने शाखा उभी केली त्यानेच उद्घाटनाचा दिवा लावायचा. पण कल्पिताचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला. शुक्रवारी उद्घाटनाच्या पूजेला लोकं येणार, बरं दिसत नाही, असं साहेबांचं म्हणणं. कल्पिताला योगिनीनेच शिकवून तयार केलेलं, तर हेही तिनेच गोड बोलून सांगावं. एचआरने त्यासाठी कागदच दिला: आधी कौतुक, मग मुद्दा, मग परत कौतुक. बोलण्याआधी कुणासमोर तरी तालीम करावी.

योगिनी दमून डोंबिवलीला घरी आली आणि मेथी निवडत बसलेल्या नवऱ्याला, देवेशला, कल्पिता बनवून समोर बसवलं. पहिल्या तालमीत तो कौतुकानेच इतका खूश झाला, की मुद्दा यायच्या आत त्याने शुक्रवारी कुठली साडी नेसू म्हणून विचारलं. दुसऱ्या तालमीत मुद्दा आला, तर तो राजीनामा देऊन ताडकन उठला. मेथी सगळी फरशीवर. तिसऱ्या वेळी मात्र तो गप्पच.

"अरे बोल ना. ती काहीतरी बोलेलच."

"तिचं राहू दे," देवेश म्हणाला. "उद्या मी गेलो, तर तुला हे सांगायला कोण येईल गं?"

योगिनी बराच वेळ फरशीवरची मेथी गोळा करत राहिली.

सकाळी ती कल्पिताकडे न जाता साहेबांकडे गेली.

"सर, मला नाही जमणार. तुम्हीच सांगा. मी बसते बाजूला."

साहेबांनी कल्पिताला बोलावलं. कौतुक केलं. मग परत कौतुक केलं. मधलं काही केल्या बाहेर पडेना. शेवटी कल्पितालाच त्यांची दया आली.

"कळलं मला, सर. घरी गौरी आल्या तेव्हा मला किचनमधून बाहेर येऊ दिलं नाही. तिथे मी गप्प बसले, इथे नाही बसणार. मी दिवा का लावायचा नाही, तेवढं मेलवर लिहून द्या."

साहेबांनी लगेच लॅपटॉप ओढला. 'प्रिय कल्पिता' लिहिलं. 'कारण' लिहिलं. मग चहा आला, समोरच गार झाला.

शुक्रवारी दिवा कल्पितानेच लावला. वाऱ्याने तीन काड्या वाया गेल्या. दोन बायकांनी तोंडं फिरवली, प्रसाद मात्र घेतला.

मेल अजून अर्धाच पडून आहे. साहेब रोज उघडतात, पुढे काही सुचत नाही, बंद करतात. तुम्हाला सुचत असेल तर त्यांना कळवा.