किडनी रडली, भाऊजींचीही

आमच्या कुपवाडच्या दोन खोल्यांपुढं जीप थांबली आणि तिच्यातून निम्मं गाव उतरलं. पुढं माझे चुलतदीर जोतीराम भाऊजी, मागं पुरुषमंडळी, त्यांच्या मागं बायका आणि मधोमध खांद्यावर कोकरू घेतलेले कोकरूबाबा. आटपाडीकडच्या गावांत बाबांची ख्याती अशी, की पोटातलं दुखणं ते कापडावर रक्तासारखं उतरवून दाखवतात. मग ते कापड लगेच जाळतात. बायकांनी मात्र लांबच बसायचं, असा त्यांचा दंडक.

मी दार अडवून उभी राहिले. चार महिन्यांपूर्वी आमच्या यांना, म्हणजे धनाजींना, नवी किडनी बसली होती. माझीच, डाव्या बाजूची. ऑपरेशननंतर यांना पहिल्यांदा धो धो लघवी झाली, तेव्हा मी वॉर्डातल्या अनोळखी बायकांना मिठ्या मारल्या होत्या. नवऱ्याच्या लघवीवर इतकं प्रेम करणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नाहीत, खोटं कशाला बोलू? पण गोळ्या, ताप, पाणी आणि पाहुणे या सगळ्यांवर माझा कडक पहारा.

"मास्क लावल्याबिगर कुणीबी आत यायचं न्हाई," मी म्हणाले.

"बाबांनी बी?" भाऊजींनी विचारलं.

"बाबांनी आदी. आन् कोकरू भाईर."

बाबांनी दाढीवर कसाबसा मास्क चढवला. कोकरू दारात बांधलं, ते ओरडत राहिलं. यांच्यापासून लांब, भिंतीला धरून सगळे बसले. खाटेजवळ फक्त बाबा आणि पहारा न सोडणारी मी.

बाबांनी डोळे मिटले. "पोटात परकी चीज हाय," ते घुमू लागले. "बाईची हाय. दुसऱ्या कुळाची हाय. एका म्यानात दोन तलवारी ऱ्हात न्हाईत."

"डाक्टर बी त्येच म्हणला व्हता," भाऊजी म्हणाले. "अंग किडनीला परकी समजतंय म्हणं."

डॉक्टर म्हणाले होते, अगदी खरं. अंग नव्या किडनीला परकी समजून तिच्यावर धावून जातं, म्हणून त्याला आवरायला रोज गोळ्या, असं त्यांचं वाक्य होतं. पण ते अर्धं झालं तेव्हाच भाऊजी चहाला उठले होते. उरलेलं अर्धं बाबांनी भरून काढलं.

बाबांनी यांच्या पोटावर पांढरं कापड पसरलं, त्यावर मूठभर भंडारा टाकला आणि तांब्यातलं मंत्राचं पाणी शिंपडलं. पिवळं कापड बघता बघता लालभडक झालं.

"चांगभलं," पुरुष ओरडले. माझ्या सासूबाई, हरणाबाई, पदर डोळ्यांना लावून रडायला लागल्या.

"किडनी रडतीया," बाबा म्हणाले. "गोळ्यांच्या इखानं. आजपास्नं गोळ्या बंद, माझा अंगारा चालू."

मी यांच्याकडं पाहिलं. गोळ्यांनी यांचं तोंड सुजलं होतं, हात थरथरत होते, लेथवरचं काम अजून सुरू झालं नव्हतं. "मंगल," हे हळूच म्हणाले, "लय कटाळा आलाय गं. बघू की चार दिस बंद करून." आणि गोळ्यांची डबी बाबांपुढं सरकवली. गोळ्या थांबल्या तर किडनी जाणार, आणि किडनीमागं हे.

बाबा घाईनं कापड गुंडाळायला लागले. मी त्याचं टोक धरलं आणि तो रंग जवळून पाहिला. पाहिला मात्र, मला हसू फुटलं.

अहो, हा रंग मी नांदायला आल्यापासून धुते आहे. जत्रेत भंडारा उधळतात पुरुष, आणि त्यात न्हालेली धोतरं धुतात बायका. साबण लागला की पिवळं धोतर लाल होतं. एकाही पुरुषाला हे ठाऊक नाही, कारण एकानंही कधी धोतर धुतलेलं नाही. मी मागं पाहिलं. मास्कवर बायकांचे डोळे हसत होते. गावाकडची आमची शेजारीण चंद्राबाई, तिचे तर खांदे हलत होते.

"बाबा," मी म्हणाले, "आता भावजींचं बी बघा. त्येंच्या पोटात काय दडलंय ते कळू द्या."

"न्हाई, न्हाई, मला काय बी झालं न्हाई," भाऊजी म्हणेपर्यंत त्यांचा सदरा वर गेला. दुसरं कापड घातलं, भंडारा टाकला, तांब्या मीच उचलला. लाल.

"आवं भावजी," चंद्राबाई म्हणाली, "तुमची किडनी कुण्या कुळाची?"

भाऊजी दोन्ही हातांनी पोट चाचपत बसले. तोवर चंद्राबाईनं मोरीतला साबण ओला करून बाबांच्याच भंडारा लागलेल्या उपरण्यावर घासला. तेही लाल. "बाबांची बी रडाया लागली," ती म्हणाली. मी त्यावर लिंबू पिळलं, डाग पुन्हा पिवळा झाला. "आता गप बसली."

सासूबाई डोळे पुसता पुसता हसत सुटल्या. बाबा कोकराची दोरी सोडत होते, की कोकरू त्यांना ओढत होतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

यात मंत्र नाही. तांब्यात चुन्याची निवळी होती. भंडारा म्हणजे हळद, आणि हळदीला चुना, सोडा किंवा साबण लागला की ती लाल होते, आंबट लागलं की पुन्हा पिवळी. हळदीचं कुंकू होतं ते असंच.

हे खाटेवर उठून बसले आणि म्हणाले, "मंगल तीस वरसं माझ्या घरात हाय. तिची चीज परकी कशी?" डबी ओढून त्यांनी पाणी मागितलं आणि सगळ्यांसमोर गोळी घेतली. मी फक्त नाचायची बाकी राहिले.

भंडारा आमचा आहे, देवाचा आहे. कपाळाला लावा, खुशाल उधळा. पण कापड लाल झालं तर ते हातात घ्या, उलटसुलट करा, दुसऱ्याच्या पोटावर घालून बघा. आणि चालू गोळी बंद करा असं कुणी म्हणालं, तर ती देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नका. माझी एक किडनी मी हौसेनं दिली. दुसरी द्यायला माझ्याकडं नाही.