अंबाजोगाईची जागा

फळ्यावरच्या यादीसमोरून सरू बाजूला झाली तेव्हा तिला तिचं नाव सापडलं होतं, पण अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजापुढं. औरंगाबादची जागा दोन गुणांनी हुकली होती.

ही शहाऐंशी सालची गोष्ट. औरंगाबादच्या सरकारी दवाखान्याला सगळे घाटी म्हणतात; मेडिकल कॉलेजही तिथंच. सरूची आई सारजाबाई तिथं आया होती. नवरा पुंजाराम तिथलाच शिपाई. तो वारल्यावर तिला कामावर घेतलं, त्याला अकरा वर्षं झाली होती. शाळा सुटली की सरू हर्सूलच्या घरी न जाता वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात अभ्यासाला बसायची. डॉक्टर व्हायचं ते याच इमारतीत, हे तिनं सातवीतच ठरवलं होतं.

बारावीला शिकवणाऱ्या काकासाहेब सरांनी तिला समजावलं, बारावी पुन्हा दे, एका वर्षाचा तर प्रश्न आहे. सरूला ते पटलं. सोमवारपर्यंत अंबाजोगाईला हजर व्हायचं होतं. तिनं जायचं नाही असं ठरवलं. आईला एकटीला टाकून कशाला जायचं, असंही ती म्हणाली.

शनिवारी दुपारी भाकरी थापताना सारजाबाईनं विचारलं, पुढच्या वर्षी इथं नंबर लागला तर काय? सरूला प्रश्नच कळला नाही. लागला तर चांगलंच की, ती म्हणाली.

"मला नाय चांगलं," सारजाबाई म्हणाली. "तिथं मी समद्यांची सारजा हाय. मोठे डाक्टर म्हणतील, सारजा, ते भांडं उचल. तू शेजारी उभी. एकतर तू उचलायला धावशील, नाय तर मान फिरवशील. मला दोन्ही बघायचं नाय."

सरू चिडली. तुझी मला लाज वाटते असं तुला वाटतं का, असं तिनं विचारलं.

"आज नाय वाटत. म्हणून तर आज सांगायले."

सरू त्या दिवशी जेवली नाही. रविवारी तिनं पत्र्याची पेटी भरली. एस.टी. सुटेपर्यंत आई खिडकीखाली उभी होती, सरू दुसऱ्या बाजूला बघत राहिली. पहिल्या वर्षी तिची पत्रं चार-चार ओळींची यायची. शेजारची वहिदा ती वाचून दाखवायची. पुन्हा वाच, असं सारजाबाई कधी म्हणाली नाही. पुढं पत्रं मोठी होत गेली; त्यांत पेशंटांची नावं, त्यांच्या गावांची नावं येऊ लागली.

सहाव्या वर्षी सारजाबाई पहिल्यांदा अंबाजोगाईला गेली. बाह्यरुग्ण विभागात मोठी रांग होती. आत सरू एका म्हाताऱ्याची छाती तपासत होती. आईला बघून ती खुर्चीवरून उठायला लागली. सारजाबाईनं हातानंच तिला बसायला सांगितलं आणि स्वतः दाराबाहेरच्या बाकावर टेकली.

थोड्या वेळानं तिथली आया जवळ आली. "बाई, कुणाला दाखवायचंय?"

"कुणाला नाय," सारजाबाई म्हणाली. "नुसती बसले."

दोन वाजता रांग संपेपर्यंत ती तिथंच होती. दवाखान्यात इतका वेळ बसून राहायची तिची ती पहिलीच वेळ.