अर्धा मिलिमीटर

ऐक, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक — तिच्या तळहातावर जुन्या खोक्यातली एक काळी रबरी रिंग, बांगडीएवढी, तेलकट, अगदी निरागस दिसणारी... आणि दुसऱ्या हातात नव्या रिंगांचं पाकीट, ज्याचं सील अजून फोडलेलंच नाही. मग सकाळी आपण फिटरकाकांना दिलं काय?

जेवणाची सुट्टी, गोदीच्या स्पेअर पार्टच्या स्टोअरमध्ये ती एकटी, आणि पाकिटावरचा नंबर पुन्हा पुन्हा वाचतेय. कारण धक्क्याला लागलेली ही विनाशिका तिसरी, तिच्या दोघी थोरल्या बहिणी जुन्या ड्रॉइंगच्या. हिच्यापासून डिझाइनवाल्यांनी क्षेपणास्त्राच्या खणाचं झाकण उचलणाऱ्या दट्ट्याची खाच जरा खोल केली, म्हणून तिथं तेल अडवणारी रिंगही अर्धा मिलिमीटर जाड — नंबर तोच, फक्त शेवटचं अक्षर वेगळं. आणि ते अक्षर वाचायचं सोडून तिनं अंगठ्यानं दाबून रिंग काढली होती, स्टोअरमधले जुने लोक काढतात तशी, ऐटीत, कारण समोर काका उभे होते आणि सगळी गोदी तिला तिच्या अचूक अंदाजासाठी ‘मिलिमीटर’ म्हणते ना...

चाचणी तर पास झाली होती. जहाज चारला सुटणार. कागदावरचा नंबरही बरोबर. तेल झिरपलंच तर काही महिन्यांनी, कुठल्यातरी गार समुद्रात, आणि झाकण हटून बसलंच तर... तोवर कोण विचारतंय? सांगितलं तर मात्र सगळं परत खोला, जहाज रखडवा, आणि पुढच्या आठवड्यात ती नोकरीत कायम होणार होती, त्यावर पाणी.

तिचे बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. एकदा घड्याळाचं झाकण लावून गिऱ्हाइकाला दिलं आणि टेबलावर एक स्क्रू उरला, तिळाएवढा. घड्याळ चालत राहिलं, वर्षानुवर्षं, अगदी वेळेवर — पण तो माणूस रस्त्यात दिसला की बाबांची नजर आधी त्याच्या मनगटाकडे, मग तोंडाकडे. पुढे पुढे तर ते रस्ताच ओलांडायचे. त्यांचं बोट धरलेलं, म्हणून तिलाही ओलांडावा लागायचा... आणि मी, तिच्या मनात आलं, एवढ्या मोठ्या जहाजाला मी कुठल्या रस्त्यावर चुकवू?

ती उठली आणि थेट धक्क्यावर गेली. काका डबा संपवून कंबर चोळत बसले होते.

“काका, सकाळची रिंग चुकीची आहे. जुन्या जहाजाची. मीच दिली.”

काकांनी रिकामा डबा बाजूला सारला. मग म्हणाले, तीन तास पालथा पडलो होतो त्या झाकणाखाली, आणि अर्ध्या मिलिमीटरनं काय आभाळ कोसळणार आहे का गं? पाणी धक्क्यावर चुबुकचुबुक आपटत होतं.

“हे कुणाकुणाला माहितीये?”

“आपल्या दोघांना.”

“मग फारच जणांना माहितीये,” काका म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. “जा, जहाजावर आपले साहेब आहेत, त्यांना तूच सांग. मी पाने-पकड बाहेर काढतो.”

जहाजावरच्या अरुंद जिन्यानं चढताना ती वाक्यं जुळवत होती. साहेबांचं दार अर्धवट उघडं. आत ते फोनवर कुणाला तरी सांगत होते, हो, चारला, नक्की. पण गंमत बघ — जुळवलेलं एकही वाक्य आठवेना आणि आठवायची गरजही वाटेना. कायम करतील, नाही करतील... तिच्या डोळ्यांसमोर भलताच कुणीतरी आला, कधीच न भेटणारा, गार समुद्रात बटण दाबणारा, झाकण उघडणारच असं धरून चाललेला — आणि तिला त्याच्याबद्दल एकदम माया वाटली, छाती मोकळी झाली, हसूच यायला लागलं.

साहेबांनी फोन ठेवला, वर पाहिलं. तिनं तोंड उघडलं...

खरं सांग, तू काय केलं असतंस?