टॉपच्या वरचा गिअर

उन्हाळ्यात मी घरचा कूलर दुरुस्त केला आणि तेव्हापासून माझा आवाजच बदलला. वर्गात हात वर करायला घाबरणारी मी, आता शेजारच्यांचे मिक्सर उघडून पाहते. आई म्हणते, "एक कूलर काय फिरवला, आमची अपूर्वा इंजिनिअरच झाली!" म्हणू दे. मोठेबाबांची गाडी अडली तेव्हा मी मध्ये पडणारच होते.

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. चेरीताल मोहल्ल्यात, आमच्या शेजारच्याच घरात राहतात. सगळी नोकरी डिफेन्सच्या फॅक्टरीत, रंगाच्या शॉपमध्ये, म्हणजे रंगकामाच्या विभागात. रिटायर झाल्यावर त्यांनी भंगारात निघालेली एक विलायती गाडी आणली आणि नट-नट वेगळा करून ती पुन्हा उभी केली. रंग तर असा की पाहुणा आला की त्याला आधी जमिनीवर वाकायला लावतात. "वरून नको, खालून बघा!"

या गाडीत ओव्हरड्राइव्ह आहे. टॉप गिअरच्याही वरचा गिअर समजा. टॉपमध्ये असताना डॅशबोर्डवरचा छोटा खटका खाली केला की वेग तोच राहतो आणि इंजिन मात्र ओरडायचं थांबतं. पण गाडी उभी झाल्यापासून तो लागतच नव्हता. घमापूरचा आलोक भैया, गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा, येऊन बघून गेला. "करंट तो पूरा आ रहा है चाचाजी, सोलेनॉइड ही मर गया. अब ये कहाँ मिलेगा? निकलवा दो, सादा गिअरबॉक्स डाल देता हूँ."

मोठेबाबा "ठीक है" म्हणाले. उद्या सकाळी काम सुरू होणार होतं. मग ते बोनेटवर फडकं फिरवत बसले, जिथे धूळ नव्हतीच. मला ते बघवेना.

"मोठेबाबा, आजची दुपार मला द्या."

"तू काय करून राहिली त्यात? शॉक लागेल."

"बारा व्होल्टचा शॉक लागत नसतो."

"अच्छा! मॅडमला सगळंच माहीत." पण किल्ली दिली.

पुढच्या दोन सीटांमधलं झाकण काढलं की गिअरबॉक्स दिसतो आणि त्याच्या कुशीला सोलेनॉइड. सोलेनॉइड म्हणजे डबीएवढं विजेचं चुंबक. वीज मिळाली की टक् करून दांडा ओढायचा, एवढंच त्याचं काम. मी किल्ली फिरवली, खटका खाली केला, गिअर टॉपमध्ये टाकला, कारण टॉपशिवाय त्याच्याकडे वीज जातच नाही. मग इंडिकेटरच्या जुन्या बल्बला दोन तारा जोडल्या, एक गाडीच्या उघड्या लोखंडाला लावली आणि दुसरीने एकेक जागा तपासत गेले. फ्यूज, पेटला. खटका, पेटला. गिअरबॉक्सवरचा स्विच, पेटला. सोलेनॉइडची तार, तिथेही पेटला! आलोक भैया खोटं बोलला नव्हता. तरी टक् नाही.

मी सीटवर मांडी घालून बसले आणि विचार केला. बल्ब काय, चिमूटभर विजेवर पेटतो. सोलेनॉइडला मात्र दणकून वीज लागते. आणि वीज नुसती आली की झालं असं नाही, तिला परत जायलाही वाट पाहिजे. ही वाट सोलेनॉइडच्या बुडातून, गिअरबॉक्सच्या लोखंडातून. मी टॉर्च मारला. बूड राखाडी, चकचकीत. बोल्ट राखाडी. बोल्टखालची जागाही राखाडी. नेलकटरने बुडाचा एक कोपरा खरवडला आणि जाड केबल लावून ते थेट बॅटरीच्या अर्थशी, म्हणजे वीज परत जाते त्या टोकाशी, जोडलं.

टक्!

मी इतकी ओरडले की आई चिमट्यासकट बाहेर आली. आणि पुढच्याच क्षणी मी गप्प. रंग! वीज अडवून बसला होता तो मोठेबाबांचा रंग.

"काहून चुप झाली?" मोठेबाबा दारातच होते. "टक् तर ऐकलं मी."

तार ढिली होती, असं सांगता आलं असतं. ते झोपल्यावर गुपचूप घासूनही टाकलं असतं. पण उघडं लोखंड दिसलं की ते पुन्हा रंग मारणार, मला माहीत आहे.

"सोलेनॉइड चांगला आहे," मी म्हणाले. "पण तो जिथे बसतो तिथे रंग आहे. रंगातून वीज परत जात नाही."

त्यांनी वाकून पाहिलं. मग तडक आपल्या घरात गेले.

"काय बोललीस त्यांना?" आईने विचारलं.

"खरं ते."

"खरं बोलायलाही पद्धत असते, बाई."

मी गाडीत तशीच बसून राहिले. एवढी हुशारी दाखवायची काय गरज होती, असं वाटायला लागलं.

तेवढ्यात ते परत आले. डोळ्यांवर चष्मा, हातात सँडपेपर आणि चिकटपट्टी. "हट. नेलकटरने खरवडते का कोणी? धार बघ कशी झाली, उंदराने कुरतडल्यावानी."

सोलेनॉइड काढला. पट्टी लावून, नेमकी बसण्यापुरती जागा मोकळी ठेवून ते घासू लागले. रेषा एकदम सरळ.

"फॅक्टरीत अर्थच्या जागी आधी पट्टी लावायची, मग रंग," ते खालीच बघत म्हणाले. "पोरांना मीच शिकवलं. आणि स्वतःच्या गाडीत विसरलो."

"तिथे ड्रॉइंग असायचं ना. इथे तुम्हाला कोण सांगणार होतं?"

"तू सांगितलंस की." आणि सँडपेपरचा अर्धा तुकडा माझ्या हातात दिला. "बोल्टखालचं तू घास. हळू."

सकाळी आलोक भैया हत्यारं घेऊन हजर. मोठेबाबांनी मागचं दार उघडलं. "बैठो."

"कहाँ चाचाजी?"

"नागपूर रोड."

मी पुढे. शहर संपलं, रस्ता मोकळा झाला, टॉप गिअर पडला, इंजिन गुरगुरायला लागलं. मोठेबाबांनी खटका खाली केला. क्षणभर काहीच नाही. मग इंजिनचा आवाज एकदम खाली बसला आणि गाडी तशीच पळत राहिली, जणू उतारावर आहे.

"अरे!" आलोक भैया दोन सीटांमधून पुढे आला. "किया क्या आपने?"

मी तोंड उघडणार होते, मग म्हटलं नको, ते सांगतील तसं सांगू देत.

"पेंट मेरा ही ज़्यादा हो गया था," मोठेबाबा रस्त्याकडे बघत म्हणाले. "भतीजी ने पकड़ा."