तिच्या उंचीचा स्टँड

"दिसतेय का गं टाकी?" सुताराने विचारलं.

पलंगावर कुशीवर पडलेल्या बायकोने कशीबशी नजर वर केली. "फळीची खालची बाजू दिसतेय. गुळगुळीत केलीय हो छान."

लेकीने मान फिरवली. माशांसाठी काचेची टाकी तिनेच आणली होती. आता आपल्या हातात काही नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून आई नुसती भिंतीकडे बघत पडायची. निदान मासे तरी बघेल, असं लेकीला वाटलं होतं.

"माझ्या डोळ्यांसमोर येईल असा करा स्टँड," बायको म्हणाली होती. आणि हा शहाणा! जन्मभर लोकांच्या घरी सूत-सूत मोजून कपाटं बसवली, पण स्वतःच्या घरात टेप म्हणून काढली नाही. कशाला काढेल? तिचे डोळे आपल्या खांद्याशी येतात, हे त्याला लग्नापासून पाठ. स्वयंपाकघरातल्या फळ्याही त्याने त्याच मापाने ठोकलेल्या. खांद्याला लाकूड लावून त्याने पेन्सिलीची खूण केली. जाडजूड पाय, तळाशी भक्कम चौकट, वर हत्ती बसला तरी हूं की चूं करणार नाही असं काम. ती आता उभी राहणार नाही, हे सगळ्या घराला कळलं होतं. त्याच्या हातांना तेवढं कळलं नव्हतं.

"पलंगच उंच करूया का?" लेक म्हणाली.

"नको गं बाई. नुसतं हलवलं तरी कळ मस्तकात जाते."

सुताराने टेप काढली. जमिनीपासून उशीपर्यंत माप घेतलं, रिकामी टाकी उतरवली, स्टँड बाहेर नेऊन आडवा पाडला आणि चारही पाय कापले. पायांबरोबर तळाची चौकटही गेली. सगळा जोर तिच्यातच होता. कापताना तो ढसाढसा रडत होता, त्यामुळे पायही जरा तिरके कापले गेले.

टाकी भरली, मासे सोडले, तसा स्टँड डुलायला लागला.

"बाबा, हलतोय."

"आडव्या पट्ट्या मारतो. आत्ता होतील."

"अहो, ठोकाठोक नको आता," बायको म्हणाली. "डोकं फुटतं. बघू द्या मला."

तेव्हा तो खाली बसला आणि स्टँडला पाठ लावून त्याने पाय जमिनीत रोवले. डुलणं थांबलं. एक लाल मासा काचेपाशी आला.

"हा तुमच्यासारखाच," बायको म्हणाली. "उगाच इकडून तिकडे." ती हसली. किती दिवसांनी हसली. मग म्हणाली, "दमलात का?"

"छे."

"मग हलू नका."

तो हलला नाही. पाठीला रग लागली, पायांना मुंग्या आल्या. तिचा श्वास त्याला ऐकू येत होता, आणि तो थांबला तेही त्यालाच आधी कळलं.

लेकीने आईचे डोळे मिटले. बऱ्याच वेळाने ती बापाजवळ येऊन बसली. "बाबा, उठा आता."

"आधी पाणी काढ," सुतार म्हणाला.

लेकीने बादली आणली आणि मगाने टाकीतलं पाणी उपसायला लागली.