सूर्य फुगेपर्यंत

“सूर्य फुगणार,” मास्तर म्हणाले. “फुगत फुगत इतका मोठा होणार, की पृथ्वी त्याच्या पोटात जाणार. समुद्र त्याआधीच आटलेले असतील. आपण तर कधीचेच नसू.”

“मास्तर, हात हलवू नका,” ताई म्हणाली. “सुई निघेल.”

मास्तरांनी हात खाली ठेवला, पण तोंड थांबवलं नाही. उभा जन्म भूगोल शिकवण्यात गेलेला. समोर फळा नसला तरी त्यांचा हात आपसूक वर जायचा, आणि त्या हाताला आता दोन नळ्या लावलेल्या असायच्या. एकीतून रक्त मशीनकडे जायचं, दुसरीतून धुऊन परत यायचं.

शेजारच्या खाटेवर कंडक्टरबाई होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आवाज अजून गर्दीच्या बसमधलाच होता. “इतका उशीर कशाला लागतोय?” त्या म्हणाल्या. “रोग येईल एखादा. एक माणूस शिंकला की शेवटच्या थांब्यापर्यंत सगळी बस शिंकते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. सूर्याला एवढी तसदी द्यायची गरजच नाही.”

तिसऱ्या खाटेवर टेलरकाका हसले. ते बोलायचे कमी. मास्तर आणि बाई भांडायला लागले की डोळे मिटून ऐकत राहायचे आणि मधेच पोट हलवून हसायचे.

हा विषय सुरू झाला तो भिंतीवरच्या टीव्हीमुळे. डायलिसिसच्या सकाळच्या बॅचला चार तास पडून राहायचं, तेवढाच एक विरंगुळा होता. एकदा त्यावर पृथ्वीचा शेवट कसा होईल याचा कार्यक्रम लागला होता. एक शास्त्रज्ञ गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “आणि अखेरीस...” आणि टीव्ही बंद पडला. दुरुस्तीला म्हणून नेला, तो परत आलाच नाही. मग शेवट ठरवायचं काम या तिघांवर पडलं. आठवड्यातून तीनदा ते जग बुडवायचे, जाळायचे, गोठवायचे, आणि दुपारी दंडाला पट्टी बांधून, एकमेकांना “या हां परवा” म्हणून घरी जायचे.

“तुमचं काय मत, ताई?” मास्तर अधूनमधून विचारायचे.

“माझं काय असणार? जग संपलं तरी दुसऱ्या दिवशी मशीन धुवायला मलाच यावं लागेल.”

ताई या खोलीत नर्स म्हणून ऐन तारुण्यात आली होती. आता चष्म्याशिवाय सुई टोचता येत नव्हती. पेशंट आल्या आल्या त्यांचं वजन करायचं, कोण चोरून पाणी प्यायलंय ते काट्यावरून ओळखायचं, रागवायचं, मग सुई लावताना “झालं हं, झालं” म्हणायचं, हे तिचं आयुष्य. घरी नवरा होता, लग्न करून दुसऱ्या शहरात गेलेली मुलगी होती. पण दिवसातलं खरं बोलणं या खोलीतच व्हायचं.

टेलरकाकांनी आपलं मत एकदाच सांगितलं. बाईंनी फारच खनपटीला बसून विचारलं म्हणून.

“आवाज वगैरे काही होणार नाही,” ते म्हणाले. “एखाद्या सकाळी एक माणूस दुकान उघडणार नाही. लोक म्हणतील, गावाला गेला असेल. मग दुसरा उघडणार नाही. लोक म्हणतील, याला काय झालं? असं करत करत विचारणारेच संपतील.”



“तुम्ही अगदीच पाणी ओतता हो,” बाई म्हणाल्या. “त्यापेक्षा मास्तरांचा सूर्य बरा.”

त्यानंतर काही महिन्यांनी काकांच्या हातातली, सुया लावण्यासाठी ऑपरेशनने जोडलेली शीर बंद पडली. ऑपरेशन करून दुसऱ्या हातात शीर तयार केली, तीही टिकली नाही. मानेत नळी घातली, तिला जंतू लागले, ताप आला. आता मांडीत करून बघू, असं सर्जन म्हणाले. काकांनी त्यांचं सगळं नीट ऐकून घेतलं, आभार मानले.

पुढच्या खेपेला वजनकाट्यावर उभं असताना ते ताईला म्हणाले, “शनिवारपासून मी येत नाही.”

“कुठे गावाला निघालात? मग आधी सांगायचं ना. तिथल्या सेंटरला मी फोन करून ठेवते.”

“गावाला नाही. येतच नाही.”

ताईला समजायला वेळ लागला. काट्यावरचा आकडा तिने पाहिला होता, तो ती विसरली. “वेड्यासारखं काय बोलताय काका?”

“वेड लागलं असतं तर आलो असतो,” ते म्हणाले आणि काट्यावरून सावकाश उतरले.

त्या दिवशी ते नेहमीसारखे खाटेवर पडले. मास्तरांनी नवीन एक उल्का शोधून काढली होती, तिच्यावर हसलेही. जाताना बाईंना “येतो” म्हणाले, “परवा” म्हणाले नाहीत. ते फक्त ताईच्या ध्यानात आलं.

शनिवारी तिसरी खाट रिकामी राहिली. काकांचा मुलगा मात्र आला. तो आतापर्यंत वडिलांना दारात सोडून कामावर जाणारा, घाईतला, मान लववून नमस्कार करणारा माणूस होता. आज तो थेट आत घुसला.

“तुम्ही इथे काय बोलता हो यांच्याशी?” त्याने ताईला विचारलं.  “बाबा घरी येऊन आम्हाला सांगायचे, आज जग बुडालं, आज जळालं. आम्ही हसायचो. आजारी माणसांपुढे दिवसरात्र मरणाच्या गप्पा. त्यांच्या डोक्यात दुसरं काय येणार?”

 मास्तर छताकडे बघत होते.

मुलगा डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर भले होते, पण वाद त्यांना नको असायचे. त्यांनी येऊन सांगितलं, “इथे असले विषय नकोत. पेशंटचं मन प्रसन्न राहिलं पाहिजे.” तेव्हापासून खोलीत कुणी काही बोलेना. बाई पांघरूण तोंडावर ओढून घ्यायच्या. मास्तर भिंतीकडे तोंड करून पडायचे, आणि हात हलवू नका असं त्यांना सांगावंच लागेना.

“तू कशाला जिवाला लावून घेतेस?” ताईचा नवरा त्याच शनिवारी रात्री जेवताना म्हणाला. “त्यांचा निर्णय, त्यांच्यापाशी.”

“मी ऐकत होते ना सगळं. गंमत वाटायची मला.”

“मग?”

“मग काही नाही,” ती म्हणाली आणि ताट उचलून उठली.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर ती काकांच्या घरी गेली. खाली दुकान, वर दोन खोल्या. काकूंनी दार उघडलं. बारकी, सावकाश बोलणारी बाई. ताईला त्यांनी आवाजावरून ओळखलं. औषधांच्या वेळा विचारायला त्यांचाच फोन यायचा.

काका खुर्चीत बसले होते. आडवं झालं की धाप लागत होती. पायांवर सूज चढली होती, पण दाढी केलेली होती आणि सदऱ्याची सगळी बटणं लावलेली होती.

“न्यायला आलात का?” त्यांनी विचारलं.

“हो. चला. मांडीतलं ऑपरेशन फार अवघड नसतं. मी असेन तिथे. सगळ्यांत हलक्या हाताने सुई लावेन.”

“तुमचा हात हलकाच आहे, ताई. प्रश्न तो नाही.” ते दम खात बोलत होते. “उठायचं, यायचं, पडायचं, घरी येऊन झोपायचं. मधला एक दिवस बरा, की पुन्हा तेच. आधी त्या मधल्या दिवसात दोन कपडे तरी शिवून व्हायचे. आता सुईत दोरा ओवायला हिला हाक मारावी लागते. मास्तरांचा सूर्य फुगेपर्यंत थांबणं काही मला जमत नाही.”

ताईने मान खाली घातली. मग जे विचारायला ती आली होती ते विचारलं. “आमच्या त्या गप्पांमुळे का, काका? मी थांबवायला हव्या होत्या का?”

काका तिच्याकडे पाहत राहिले. “पोरगा काही बोलला वाटतं तुम्हाला.”

ताईने चष्मा काढून पुसला.

“त्या गप्पा नसत्या तर मी मागच्या वर्षीच थांबलो असतो,” ते म्हणाले. “आज मास्तर काय काढतील, बाई त्यांना कसं झोडतील, एवढ्यासाठी रिक्षात बसायचो मी. घरात सगळे माझ्यापुढे जपून बोलतात. आवाज खाली ठेवून. तिथे कुणी जपून बोलायचं नाही. अख्खं जग जातंय म्हटल्यावर आपण एकटे जातोय असं वाटायचं नाही.”

काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच उभ्या राहिल्या.

“कसं होईल ते सांगा,” काका म्हणाले. “डॉक्टर गोल गोल बोलतात.”

ताईने काकूंकडे पाहिलं. त्या हलल्या नाहीत. मग तिने सांगितलं. भूक जाईल, अंग खाजेल. धाप वाढेल, तेव्हा भीती वाटेल, पण त्यावर औषध असतं, ते घरी देता येतं. मग झोप येत जाईल. जास्त जास्त येत जाईल.

“किती दिवस?”

“आठवडा. थोडं मागेपुढे.”

काकांनी मान हलवली. “गिऱ्हाइकांना जन्मभर मी तारीख दिली,” ते म्हणाले, “आणि एकदाही पाळली नाही. बघू आता.”

काकूंना हसू आलं. हसता हसता त्यांनी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला.

त्यानंतर ताईने त्यांना चला म्हटलं नाही. डॉक्टरांच्या मागे लागून तिने धापेचं औषध लिहून घेतलं. रोज ड्यूटी सुटली की ती तिकडून घरी जायची. अंग कसं पुसायचं, कोरड्या ओठांना ओला बोळा कसा लावायचा, हे तिने काकूंना दाखवलं. मुलगा पहिल्या दिवशी तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी वडिलांना उठवून बसवताना त्याला ते पेलेनात, तेव्हा ताईने त्याला बगलेखाली हात कसा घालायचा ते शिकवलं. दोघांनी मिळून काकांना बसतं केलं.

“मी तुम्हाला उगाचच...” तो म्हणाला.

“अजून एक उशी आणा,” ताई म्हणाली. “पाठीला कमी पडतेय.”

तो उशी आणायला आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

काकांनी आपला शब्द पाळला नाही. आठवडा उलटून गेला तरी ते होते, झोपेत, मधेच डोळे उघडून कोण आहे ते बघणारे. मग एका सकाळी ताई मशीन लावत असताना मुलाचा फोन आला. तिने तो बाहेर जाऊन घेतला. परत येऊन मास्तरांच्या हाताला पट्टी लावली, पंप सुरू केला, रक्त नीट वाहतंय ना ते पाहिलं, आणि मगच दोघांना सांगितलं.

“त्रास झाला?” मास्तरांनी विचारलं.

“शेवटी नाही.”

बाईंनी पांघरूण बाजूला केलं आणि उशीला टेकून बसल्या. मग त्या म्हणाल्या, “मास्तर, तो सूर्य कुठवर आला?”

मास्तरांनी घसा खाकरला. “आहे अजून,” ते म्हणाले. “वेळ आहे त्याला.” आणि त्यांनी चेहऱ्यावर हात आडवा धरला. तो सुईचा हात नव्हता, म्हणून ताईने काही म्हटलं नाही. डॉक्टर दारावरून पुढे गेले. त्यांनी ऐकलं असावं, पण ते थांबले नाहीत.

महिनाभराने काकू हॉस्पिटलमध्ये आल्या. सकाळची बॅच नुकतीच घरी गेली होती आणि दुपारची बाहेर बाकावर बसली होती. काकूंच्या हातात पिशवी होती. उरलेली इंजेक्शनं बर्फाच्या डब्यात ठेवून आणली होती, गोळ्यांची न फोडलेली पाकिटं रबर लावून.

“कुणाच्या तरी उपयोगी पडतील,” त्या म्हणाल्या. “टाकवेना.”

ताईने पिशवी घेतली. काकू निघाल्या नाहीत. दारातून आत बघत राहिल्या. नातेवाइकांना आत सोडायचे नाहीत, त्यामुळे इतक्या वर्षांत त्यांनी ही खोली पाहिलीच नव्हती.

“या,” ताई म्हणाली. “चप्पल तिथे काढा.”

काकू आत आल्या. मशीनकडे त्यांनी लांबूनच पाहिलं. “कुठली?”

ताईने खाट दाखवली. तिथे आता दुसरा माणूस यायचा. चादर नुकतीच बदलली होती.

“तोंड कुणीकडे असायचं?”

“खिडकीकडे.”

काकू खाटेच्या कडेला टेकल्या, मग पाय वर घेऊन नीट बसल्या आणि खिडकीकडे पाहू लागल्या. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती, एक पाण्याचा पाइप वरून खाली गेलेला, आणि त्याच्या सांध्याला ओलाव्याचा हिरवा डाग.

“एवढंच दिसायचं?”

“एवढंच.”

बाहेरून कुणीतरी ताईला वेळ विचारली. ताईने हात वर करून थांबायला सांगितलं. काकू त्या भिंतीकडे बघत बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून. मग त्या उतरल्या, बसल्या जागी चादरीला पडलेली घडी त्यांनी तळहाताने काढली, कोपरा ओढून सरळ केला, आणि चप्पल घालायला दाराकडे गेल्या.