मागच्या डाव्या चाकाची तक्रार

गाडी चाळीसच्या वर गेली की मागून घूंऽऽ असा आवाज यायचा. साठला तो वाढायचा, क्लच दाबला तरी थांबायचा नाही.

"मला उजवीकडून वाटतोय," बायको म्हणाली.

"डावीकडून आहे. तुला दिशा कधी कळल्यात?" मी म्हणालो.

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. त्यामुळे घरात माझ्याशी वाद घालण्याची पद्धत नाही.

गॅरेजच्या मिस्त्रींनी गाडी वर उचलली, मागची दोन्ही चाकं हातानं फिरवून पाहिली आणि फडक्याला हात पुसत ते म्हणाले, "सर, उजवं बेअरिंग गेलंय. डावं ठणठणीत आहे."

"गाडी रोज मी चालवतो की तुम्ही?" मी विचारलं. "डावं बदला."

मिस्त्रींनी मालकाकडे पाहिलं. मालक म्हणाले, "सर म्हणतात तर डावं बदल." मिस्त्रींनी बदललं. माणूस असा की काम चुकीचं असलं तरी नीट करतो.

आवाज अर्थातच गेला नाही. दुसऱ्या दिवशी मी बायकोला घेऊन परत गॅरेजात गेलो. बाकावर चार गिऱ्हाईकं बसली होती. एवढा श्रोतृवर्ग मला वर्गातही मिळत नाही, त्यामुळे जरा रंगात आलो. बेअरिंग बदललंच नाही, असं म्हणालो. मिस्त्रींनी काढलेलं जुनं बेअरिंग कागदात गुंडाळून ठेवलं होतं, ते आणून दाखवलं. मी म्हणालो, "हे कुठल्या गाडीचं, कोण जाणे! सरळ चोरी आहे ही."

मिस्त्री काहीतरी बोलणार होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि ते गप्प बसले. मालकांनी त्यांना तिथल्या तिथे गाड्या धुवायच्या जागेवर पाठवलं. छडा लागेपर्यंत तिथंच, आणि चोरी निघाली तर कायमचं घरी. बावीस वर्षं इंजिनं उघडणारा माणूस गाड्यांतली पायपुसणी झटकायला लागला. मी समाधानानं घरी आलो.

आता कानाचं सांगायला हवं. माझा उजवा कान दोन वर्षांपूर्वी एका तापात गेला, पार गेला. हे मी कुणालाही सांगितलं नाही. मुलांचे प्रश्न ऐकू आले नाहीत म्हणून माझ्या विषयाचं काही अडत नाही, आणि घरी हसून मान हलवली की भागतं. माणूस चष्मा मिरवतो, पण कानाचं यंत्र म्हटलं की थेट म्हातारपण. तर असा मी एका कानावर झकास चाललो होतो.

त्या रविवारी गाडी बायको चालवत होती. मागच्या सीटवरची तिची पर्स घ्यायला मी पूर्ण मागे वळलो, आणि डावीकडून येणारी घूंऽऽ उठून गाडीच्या उजव्या बाजूला जाऊन बसली. मी पुढे तोंड केलं. आवाज डावीकडे. परत मागे वळलो. उजवीकडे.

"मान आखडली का हो?" बायकोनं विचारलं.

चाक जागा बदलत नाही. मग बदलत होतं कोण, एवढं अनुमान माझ्या सर्वांत ढ विद्यार्थ्यालाही काढता आलं असतं. चांगला कान ज्या बाजूला, त्या बाजूला माझ्यासाठी सगळं जग वाजत होतं. तरी मी गॅरेजात लगेच गेलो नाही. तीन दिवस सोयीस्कर कामं काढली. चौथ्या दिवशी गाडी धुवायचं निमित्त करून गेलो. बायकोही आली, तिला वाटेत उतरवायला मला कारण सुचलं नाही.

ती बाकावर बसली. मिस्त्री पाइप धरून एका गाडीचा चिखल काढत होते. मी जवळ गेलो.

"कळलं वाटतं," ते म्हणाले.

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. तुमच्या उजवीकडे उभा राहून दोनदा चावी मागितली. तुम्ही छान हसलात."

"मग मी चोर म्हणालो तेव्हा बोलला का नाहीत?"

"बाई होत्या ना बरोबर. बायकोला ठाऊक नाही, हे तोंडावर दिसत होतं तुमच्या."

मी मालकांच्या केबिनमध्ये गेलो, दार लावून घेतलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. मालक म्हणाले, "असू द्या हो सर, सांगतो मी त्याला." बाहेर येऊन मी मिस्त्रींना म्हणालो, "मिटलं सगळं."

त्यांनी पाइप बंद केला नाही. "चोर म्हणालात तेव्हा रस्त्यापर्यंत ऐकू गेलं होतं, सर. हे मलासुद्धा ऐकू आलं नाही."

बाकावर तीन गिऱ्हाईकं होती, आणि बायको. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "या मिस्त्रींनी उजवं चाक सांगितलं होतं, तेच बरोबर होतं. मला उजव्या कानानं ऐकू येत नाही. मी त्यांना उगाच चोर ठरवलं." आवाज फारच मोठा लागला असावा, कारण एकानं फोनवर "नंतर करतो" म्हटलं. मालक केबिनच्या दारात आले.

बायको मात्र हळू बोलली. "किती दिवस झाले?"

"दोन वर्षं."

"म्हणजे माझ्या आईला आपल्याकडे आणायचं विचारलं, तेव्हा तुम्ही हसून मान हलवलीत, ती न ऐकताच?"

मी जमिनीकडे पाहिलं. तिथं तेलाचे डाग होते.

मिस्त्रींनी पाइप बंद करून हात पुसले. मालकांना काहीच न विचारता त्यांनी माझी गाडी आत घेतली, मागून उचलली आणि मला बोलावलं. "कानाचं काम नाही यात. इथं हात ठेवा, स्प्रिंगवर." त्यांनी उजवं चाक फिरवलं. बोटांखाली खरखर आली, आत वाळू दळावी तशी.

"लागलं?"

"हो."

"झालं मग. काढा हात."

चाक फिरायचं थांबलं होतं. मी हात काढला नाही. काढला असता तर वळून बाकाकडे बघावं लागलं असतं.